वल्हवणे पायांचे, दुखणे मानेचे

दौलताबादहून एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले आहे. वय एकाहत्तर वर्षे. पत्र सविस्तर, अक्षर वळणदार आणि तक्रार नेमकी आहे. अशाच आशयाची विचारणा आणखीही काही घरांतून झाल्यामुळे त्यांचे उत्तर या सदरातूनच देत आहे.

हे गृहस्थ एके काळी सवडीच्या रविवारी देवगिरीच्या किल्ल्यावर बारादरीपर्यंत चढून जात. पुढे गुडघ्यांनी पायऱ्या नाकारल्या. सपाट रस्त्यावरचे चालणेही अर्ध्या तासापलीकडे होईना. तेव्हा पुण्यात नोकरीस असलेल्या मुलाने दिवाळीला येताना वल्हवण्याचे यंत्र, म्हणजे रोइंग मशीन, आणले. सरकती बैठक, पाय अडकविण्याचे पट्टे, साखळीला जोडलेली दांडी आणि समोर आकडे दाखविणारा छोटा पडदा, असे त्याचे स्वरूप. शरीराचा सगळा भार गुडघ्यांवर न येता सर्वांगाला व्यायाम होतो, असे मुलाने सांगितले आणि ते खोटे नाही. गुरुजींनी पहिल्याच दिवशी वीस मिनिटे वल्हवले. बरे वाटले, म्हणून दुसऱ्या दिवशी पंचवीस. तिसऱ्या दिवशी सकाळी मान अशी धरली की उशीवरून डोके उचलताना हाताचा आधार द्यावा लागला. पत्राच्या शेवटी सूनबाईंनी वेगळ्या शाईने दोन ओळी जोडल्या आहेत : ‘मामंजी ऐकत नाहीत. यंत्र उचलून माळ्यावर टाकावे का?’

यंत्राकडे वळण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे आणि तिचा संबंध मानेपेक्षा छातीशी अधिक आहे. उतारवयात श्रम करताना मानेत, जबड्यात, खांद्यात किंवा दंडात जे आवळल्यासारखे दुखते, ते दर वेळी स्नायूंचेच असते असे नाही. हृदयाला रक्त कमी पडू लागले की त्याची वेदना पुष्कळदा याच जागी उमटते. मधुमेही व्यक्तींत आणि वयस्कर स्त्रियांत तर छातीत काहीच न दुखता केवळ जबडा किंवा मान भरून येणे, दम लागणे, घाम फुटणे, मळमळणे एवढीच लक्षणे दिसू शकतात. हा भेद घरातील प्रत्येकाला ठाऊक असावा. व्यायाम सुरू असतानाच दुखणे आले, थांबल्यावर काही मिनिटांत ओसरले आणि पुन्हा श्रम करताच परत आले, तर ती मान नसून हृदय असण्याची शंका घ्यावी. यंत्र बंद ठेवावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. थांबूनही न ओसरणारे, घाम किंवा दम यांसह येणारे दुखणे असेल तर शेक आणि मलम यांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

स्नायूंच्या दुखण्याची चाल निराळी असते. ते बहुधा व्यायाम करताना जाणवतच नाही. काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी ते डोके वर काढते. मान एका ठरावीक बाजूला वळवली की कळ येते, दुखरी जागा बोटाने दाखविता येते आणि तेथे दाबले तर ‘हेच ते’ असे वाटते. गुरुजींचे वर्णन या दुसऱ्या प्रकारात बसते. तरीही एकाहत्तराव्या वर्षी नवा व्यायाम आरंभण्यापूर्वी रक्तदाब आणि हृदय यांची तपासणी झालेली असणे हेच शहाणपणाचे. त्यांच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. नसल्यास ती आधी करून घ्यावी.

मानेच्या बाबतीत आणखी एक धोका ध्यानात ठेवायला हवा. पन्नाशीनंतर मानेच्या मणक्यांची झीज जवळजवळ सर्वांच्याच क्ष-किरण चित्रात दिसते, आणि केवळ ती दिसली म्हणून घाबरण्याचे कारण नसते. परंतु या झिजेमुळे मज्जारज्जूवर दाब येऊ लागला असेल तर तो वेदनेपेक्षा बोटांच्या आणि पायांच्या वागण्यातून आधी कळतो. सदऱ्याची बटणे लावताना बोटे अडखळतात, अक्षर बिघडते, चालताना चप्पल पायातून निसटते, तोल जातो, लघवीवरचा ताबा सैल होतो. हाताला मुंग्या येत असतील, पकड दुबळी झाली असेल, पडल्यानंतर मान दुखू लागली असेल किंवा मानेच्या ताठरपणाबरोबर ताप असेल, तर पुढील परिच्छेद बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्यावी. दौलताबादकरांना छत्रपती संभाजीनगर जवळच आहे. शहरातील शासकीय घाटी रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे. त्या तपासणीपूर्वी यंत्राला हात लावू नये.

आता मुख्य प्रश्न. वल्हवताना मान काहीच करीत नाही, मग दुखावते तीच का?

शाळेच्या मैदानावरची रस्सीखेच आठवावी. नवखी मुले दोर मुठीत आवळतात, खांदे कानांपर्यंत चढवतात, दात-ओठ खातात आणि हातांनी ओढू पाहतात. क्षणात पुढे खेचली जातात. जाणते खेळाडू टाचा जमिनीत रोवतात, हात सरळ ठेवतात आणि पायांनी मागे रेटतात. त्यांचे हात म्हणजे दोराला अडकवलेले आकडे. बळ सगळे मांड्यांतले आणि नितंबांतले. वल्हवण्याचे यंत्र हीच रस्सीखेच आहे, फक्त बसून खेळायची. या खेळाचे मार्गदर्शक ढोबळमानाने सांगतात की एका फेऱ्यातील सहा आणे बळ पायांचे, तीन आणे धडाचे आणि एकच आणा हातांचा, असे दहा आण्यांचे गणित धरावे. नवशिक्याच्या हातून हा हिशेब नेमका उलटा होतो. दांडी दिसते, म्हणून ती ओढावीशी वाटते. पाय समोर बांधलेले असतात, म्हणून त्यांचा विसर पडतो.

हातांनी ओढायचे म्हटले की खांदे वर चढतात. कवटीच्या तळापासून मानेवरून खांद्याच्या टोकापर्यंत उतरणारा ट्रॅपेझियस हा स्नायू तेव्हा आकसतो. त्याच्याखाली आणखी एक अरुंद स्नायू आहे. तो मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून निघून खवाट्याच्या वरच्या आतील कोपऱ्याला चिकटतो आणि खवाटा उचलण्याचे काम करतो. मान धरली असे आपण म्हणतो तेव्हा दुखरी जागा पुष्कळदा याच कोपऱ्याशी सापडते, आणि मान वळवता येत नाही ती यामुळेच. आता जरा आकडे मांडू. मिनिटाला चोवीस फेरे धरले तर वीस मिनिटांत ४८० आणि पंचवीस मिनिटांत ६०० फेरे होतात. म्हणजे गुरुजींनी दोन दिवसांत १,०८० वेळा खांदे कानांशी नेऊन आणले. ज्या स्नायूंना या कामाची सवय नव्हती, त्यांनी तिसऱ्या दिवशी संप पुकारला तर नवल नाही. अनोळखी श्रमाने येणारे हे दुखणे साधारण एक ते तीन दिवसांत सर्वाधिक जाणवते. दुसऱ्या दिवशी सकाळी बरे वाटले हा पुरावा म्हणूनच फसवा असतो.

वल्हवणे म्हटले की मराठी वाचकाला दत्तू भोकनळ आठवल्याशिवाय राहत नाही. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यात तळेगाव रोही हे त्याचे गाव. तो टंचाईचा मुलूख. नदीत नाव घालण्याइतके पाणी तेथे पाहायला मिळणेच कठीण. हा तरुण सैन्यात भरती झाला, तेथे वल्हे हाती धरायला शिकला, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी शर्यतीत तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेतून सुवर्णपदक घेऊन परतला. त्याची छायाचित्रे पाहताना आपली नजर दंडांवर जाते. पाहायला हव्यात त्या मांड्या. एक बारकावा असा की एकेरी नावेत वल्हवणारा प्रवासाच्या दिशेकडे पाठ करून बसतो, त्यामुळे मार्ग पाहण्यासाठी त्याला मधूनमधून मान वळवून मागे पाहावे लागते. घरातील यंत्रावर ही गरजच नाही. समोर भिंत, मागे भिंत. मानेला इतकी सवलत असूनही ती दुखावते, याचे एक कारण खांद्यांत सापडले. दुसरे चष्म्यात दडलेले असते.

चाळिशीनंतर जवळचे पाहण्यासाठी दुहेरी भिंगांचा किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा अनेकांच्या नाकावर येतो. वाचण्याचे भिंग खालच्या भागात असते. यंत्राचा पडदा मात्र साधारण डोळ्यांच्या उंचीवर. त्यावरचे आकडे वाचायचे तर हनुवटी पुढे काढून डोके मागे कलते करावे लागते. त्यातच बैठक सरकती, म्हणजे पडद्याचे अंतर दर फेऱ्याला कमी-अधिक होते आणि नजर योग्य भिंग शोधीत राहते. दौलताबादच्या चांदमिनाराच्या पायथ्याशी उभे राहून टोक पाहणाऱ्या पर्यटकाची मान अर्ध्या मिनिटात अवघडते आणि तो हसून खाली पाहतो. यंत्रावर तीच अवस्था, थोड्या सौम्य रूपात, वीस मिनिटे चालते आणि आकड्यांच्या नादात ती लक्षातही येत नाही. माणसाचे डोके साडेचार ते पाच किलो वजनाचे असते. ते खांद्यांच्या बरोबर वर असेल तर मणके त्याचा भार मुकाट्याने वाहतात. हनुवटीमागोमाग पुढे गेले की तोच भार मानगुटीच्या स्नायूंना ताणून धरावा लागतो.

यावर माझा सल्ला अगदी सरळ आहे : पहिला महिनाभर पडदा झाकून ठेवावा. त्यावर रुमाल टाकला तरी चालेल. किती अंतर झाले, किती उष्मांक जळले, ही माहिती आरंभी कोणाच्याही उपयोगाची नसते आणि स्पर्धेची खुमखुमी मात्र चेतवते. वेळ भिंतीवरच्या घड्याळात पाहावी. नजर समोरच्या भिंतीवर, डोळ्यांच्या रेषेत लावलेल्या एखाद्या खुणेवर असावी. टिकली चिकटवली तरी पुरे.

तिसरे कारण पाठीत आहे. मांड्यांच्या मागच्या शिरा वयोमानाने आखडतात. पाय समोर पसरून पुढे झुकायला गेले की कंबरेतून वाकणे होत नाही आणि पाठीची कमान होते. पाठ गोल झाली की डोळे आपोआप जमिनीकडे वळतात. मग समोर पाहण्यासाठी मान उलट दिशेने मोडावी लागते. म्हणजे दुखते मान, पण अडते मांडीमागे. ज्यांच्या पाठीला आधीच पोक आहे त्यांच्या बाबतीत हे अधिक खरे. उपाय असा की पाऊल ठेवण्याची पाटी एक-दोन घरे खाली घ्यावी आणि बैठक पुढे येताना जितके सहज जाता येईल तितकेच पुढे जावे. नडग्या उभ्या होईपर्यंत पुढे येणारे तरुण चित्रफितींत दिसतात; त्यांची बरोबरी करण्याचे कारण नाही. गुडघे दुखत असतील किंवा बदललेले असतील तर अर्धेच पुढे यावे. गुडघ्यांनाही ते मानवते.

बहुतेक यंत्रांच्या बाजूला एक खटका असतो. हवेच्या पंख्यावर चालणाऱ्या यंत्रात त्याला डॅम्पर म्हणतात आणि त्यावर एक ते दहा आकडे असतात. आज सर्वत्र दिसणारी ही पंख्याची घडण अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या ड्रायसिगॅकर बंधूंनी १९८१ साली बाजारात आणली. पहिल्या नमुन्याचा पंखा म्हणजे चक्क सायकलचे चाक होते. हे बंधू स्वतः वल्हवणारे आणि त्यांचे गिऱ्हाईकही वल्हवणारेच. निवृत्त गृहस्थांची बैठकीची खोली काही त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती. खटका दहावर ठेवला म्हणजे व्यायाम दसपट चांगला, हा समज घरोघर आढळतो. वास्तविक तो सायकलच्या गिअरसारखा आहे. दहावर ठेवणे म्हणजे चढावर जड गिअर टाकणे. प्रत्येक फेऱ्याला आरंभीच झटका बसतो आणि तो खांद्यांवाटे मानेत जातो. आरंभी तीन किंवा चार पुरेत. चुंबकीय यंत्र असेल तर सर्वांत हलक्या पायरीपासून सुरुवात करावी. पाण्याच्या टाकीच्या यंत्रात असा खटका बहुधा नसतो. तेथे पायांनी जितके हळू रेटावे तितका विरोध कमी.

आता प्रत्यक्ष फेरा. आधी पाय रेटावेत, हात दोरासारखे सरळ. पाय जवळजवळ सरळ झाले की धड कंबरेतून किंचित मागे कलावे. सर्वांत शेवटी कोपरे मागे जावीत आणि दांडी बरगड्यांच्या खालच्या कडेशी यावी. छातीच्या वरच्या भागाशी किंवा हनुवटीशी ती आली तर खांदे चढलेच म्हणून समजा. परतताना उलट क्रम : हात, धड, पाय. परतीला रेटण्याच्या दुप्पट वेळ द्यावा. विसावा याच वेळात मिळतो आणि नवशिके नेमका तोच गिळतात. दांडी मुठीत आवळू नये, बोटांच्या आकड्यात अडकवावी. जबडा सैल. श्वास रोखू नये, रेटताना सोडावा. श्वास कोंडून जोर केला की रक्तदाब क्षणात वर जातो, आणि ज्येष्ठांसाठी ही बाब मानेच्या दुखण्यापेक्षा अधिक महत्त्वाची आहे.

जात्यावर दळणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही लय परकी वाटणार नाही. एक पाय लांब पसरून, कंबरेतून पुढे-मागे होत, खांदे खाली ठेवून त्या पहाटभर दळीत. नव्या सुनेचे खांदे पहिले काही दिवस भरून येत, मग अंगाला युक्ती सापडे. योगाभ्यासातील नौकासंचालन आणि चक्कीचालन या दोन क्रिया याच हालचालींवरून घेतलेल्या आहेत. सतरंजीवर पाय पसरून बसावे आणि काल्पनिक वल्ही किंवा काल्पनिक खुंटा धरून सावकाश पुढे-मागे व्हावे. यंत्रावर बसण्याआधी आठवडाभर रोज पाच-सात मिनिटे नौकासंचालन केले तर कंबरेतून झुकण्याची सवय लागते, आणि ते फुकट आहे. जमिनीवर बसता येत नसेल तर खुर्चीवर बसूनही करता येते.

गुरुजींची मान पूर्ण मोकळी झाल्यावर त्यांनी पुन्हा आरंभ कसा करावा, हे सुनेच्या प्रश्नातच येते. यंत्र माळ्यावर टाकू नये; पण पंचवीस मिनिटांवरून पुढे जाण्याचा हट्टही नको. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड बसावे. एक मिनिट वल्हवणे, एक मिनिट विसावा, असे पाच वेळा. मिनिटाला अठरा फेरे धरले तर एकूण नव्वद फेरे होतात; ४८० च्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. पहिल्या दोन दिवशी तर कोपरे वाकवूच नयेत, केवळ पायांनी रेटून परत यावे. दुसऱ्या दिवशी मान कशी आहे ते पाहून मगच पुढचा दिवस ठरवावा. मान गप्प राहिली तर दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवीत जावे. वल्हवताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य मध्येच तुटू लागले तर वेग अधिक आहे.

सूनबाईंना यात करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यात वादावादीची गरज नाही. ही बैठक जमिनीपासून जेमतेम चौदा इंचांवर असते, शिवाय चाकांवरची. बसताना ती मागे सटकली तर माकडहाडावर पडणे अटळ, आणि ठिसूळ हाडांच्या वयात ते मानेच्या लचकेहून कितीतरी महाग पडते. म्हणून बसता-उठताना कोणीतरी बैठक हाताने घट्ट धरावी आणि बाजूला हात टेकायला न हलणारी जड खुर्ची ठेवावी. पायांचे पट्टे वाकून स्वतः सोडविता येत नसतील तर ती व्यक्ती एकटी असताना यंत्रावर बसू नये, हा नियम घरात ठरवून टाकावा. मग मोबाइलवर बाजूने अर्ध्या मिनिटाची चित्रफीत घ्यावी. कान खांद्याच्या रेषेत आहे का, खांदा आणि कान यांत अंतर दिसते का, पाय रेटण्याआधीच कोपर वाकते का, एवढेच पाहायचे. ‘बाबा, मान सरळ ठेवा’ असे शंभरदा सांगून जे साधत नाही ते स्वतःची चित्रफीत एकदा पाहून साधते. शिक्षकी पेशातील माणसाला तर दुसऱ्याची चूक काढण्याची सवय असते; येथे विद्यार्थीही तेच आणि परीक्षकही तेच.

काही जणांनी या यंत्रावर बसूच नये, किंवा डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीनेच बसावे. हाडांची विरलता अधिक असून मणका पूर्वी खचलेला आहे असे रुग्ण, कारण भाराखाली पुढे वाकणे त्यांना घातक, रक्तदाब आटोक्यात नसलेले, हर्निया असलेले, मोतीबिंदूची किंवा पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेले. शिवाय एक मर्यादा सर्वांसाठीच आहे. या व्यायामाने दम आणि ताकद वाढते, परंतु बसूनच करायचा असल्याने उभ्याने तोल सांभाळण्याचा सराव होत नाही. भिंतीजवळ उभे राहून टाचा उचलणे, एका रेषेत पाऊल टाकणे, झेपेल तेवढे चालणे हे सुरूच ठेवावे.

राहिली ती आज दुखत असलेली मान. दोन-तीन दिवस यंत्र बंद, पण मान बंद नको. दुखत नाही तेवढ्या टप्प्यात दर दोन-तीन तासांनी ती सावकाश उजवीकडे-डावीकडे वळवावी. खांदे मागून खाली फिरवावेत. भिंतीला पाठ लावून बसावे आणि हनुवटी किंचित आत घेत डोके सरळ मागे सरकवावे. पाच आकडे मोजून सोडावे, असे सात-आठ वेळा. मान गोल गरगर फिरविण्याचा जुना प्रकार ज्येष्ठांनी टाळावा. झिजलेल्या सांध्यांना आणि चक्कर येणाऱ्यांना तो सोसत नाही. शेक दहा-पंधरा मिनिटे, पातळ कापडावरून आणि कोमट; मधुमेहामुळे त्वचेची जाण कमी झालेली असल्यास शेकण्याआधी घरातील दुसऱ्या कोणी पिशवीचा उष्मा हाताने पाहावा. मलम चोळल्यावर त्याच जागी शेक देऊ नये, कातडी भाजते. उशी एकच, मान पोकळीत लोंबणार नाही इतक्या जाडीची. गळ्याचा पट्टा साध्या लचकेला लागत नाही. दिवसरात्र बांधून ठेवल्यास स्नायू उलट दुबळे होतात.

वेदनाशामक गोळी मेडिकलच्या दुकानातून परस्पर आणू नये. मूत्रपिंडाचा विकार, रक्तदाब, जठरातील व्रण, किंवा रक्त पातळ ठेवण्याची औषधे सुरू असतील तर सर्रास घेतल्या जाणाऱ्या अनेक गोळ्या अपायकारक ठरतात. आपली नेहमीची औषधे डॉक्टरांना दाखवूनच गोळी आणि तिची मात्रा ठरवून घ्यावी. आणि केस कापायला गेल्यावर डोक्याला तेल लावून झाल्यानंतर मान झटक्याने दोन्ही बाजूंना मोडून देण्याची जी पद्धत आपल्याकडे आहे, तिला सध्याच काय, पुढेही नम्रपणे नकार द्यावा. मानेतील मणक्यांच्या छिद्रांतून मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या वर चढतात. अशा झटक्याने त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. मान मोडल्यावर चक्कर, दुहेरी दिसणे, जीभ जड होणे किंवा चेहऱ्याची एक बाजू ओघळणे यांपैकी काहीही झाले तर थेट रुग्णालय गाठावे.

साधी लचक आठवड्याभरात पुष्कळ उतरते. दोन आठवडे उलटूनही मान तशीच राहिली, किंवा रात्री झोपेतून उठवू लागली, तर डॉक्टरांकडे जावे आणि जाताना बाजूने घेतलेली ती चित्रफीत सोबत न्यावी.